त्वचेच्या रंगाचा खडू

या कोर्टात कॅमेरा चालत नाही, खडू चालतो.
म्हणून एकवीस वर्षं मी लॉस एंजेलिसमधल्या
या इमारतीच्या सातव्या मजल्यावर
मांडीवर पुठ्ठा घेऊन बसते.
शिपाई ओडेल पाणी आणून देतो,
विचारतो, आज कोण मोठं?

आज कोल्टन वेअर.
पिऊन गाडी हाकली, एका म्हाताऱ्याचा पाय गेला.
चार वकील. त्यातला एक नुसता फायली उघडायला.

माझ्या पेटीत अठ्ठेचाळीस खडू.
एकावर छापलंय : त्वचा.
गुलाबी आहे तो, बाहुलीच्या टाचेसारखा.
वेअरला चपखल बसतो,
कारखान्यात कुणी त्याला समोर बसवूनच घोटला असावा.
मला बसत नाही. माझे वडील बैरूतहून आले,
उन्हाळ्यात मी मक्याच्या कणसासारखी भाजते,
पण फॉर्मवर मीही ‘गोरी’ याच चौकटीत खूण करते.
कुणी कधी हरकत घेतलेली नाही.

दोन तास वकील बोलत होते.
अशील फार हळवा आहे, म्हणाले.
तीन वर्षांपूर्वी यानं पडद्यावर सापोतेक मजूर उभा केला,
वाहाकाच्या डोंगरात सहा महिने राहून
त्यांची भाषा शिकला.
(ते बक्षीस मलाही आठवतं. आणि ती मुलाखत :
“ती भाषा आता माझ्या रक्तात आहे.”
डोंगरातलाच कुणी का घेतला नाही, यावर निर्माता म्हणाला,
शोधलं हो, मिळालं नाही.
मी शूशानला म्हटलं, सोंगाला कसली आलीय जात?
नात आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.)

वेअर जामिनाच्या कागदांवर सह्या करत होता
तेव्हाच पुढचं नाव पुकारलं :
एलेउतेरिओ बाउतिस्ता. हॉटेलात गाड्या लावणारा.
थंडीच्या रात्री गिऱ्हाइकाच्या गाडीत झोपला.
गाडी जागची हललेली नव्हती.

दुभाषी स्पॅनिशमध्ये बोलली. त्यानं मान हलवली.
पुन्हा बोलली. पुन्हा तेच.
कारकून म्हणाला, सापोतेक असावा.
न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून दालनभर पाहिलं,
इथं कुणाला येते ती भाषा?

मी वेअरकडे पाहिलं.
ओडेलनंही पाहिलं, त्यानं तो सिनेमा दोनदा बघितलाय.
वेअर बाहीचं बटण बघत होता.

खरं सांगायचं तर त्याला
पटकथेतली वाक्यंच येत असतील.
मालक, माझी मजुरी. मालक, पाणी. आणि शेवटी,
मी मरतोय.
एवढ्यावर कुणाचा बचाव होत नाही.
पण पाणी तरी विचारता आलं असतं.

एकोणीस दिवसांनंतरची तारीख पडली.
आला त्याच दारानं त्याला परत नेला.
घड्याळात चार मिनिटं.

कागद बदलायला वेळ नव्हता,
वेअरच्याच चित्राच्या कोपऱ्यात मी त्याला धरलं.
विटकरी, गेरू, थोडा कोळसा;
यातल्या कशालाच त्वचा म्हणत नाहीत.
चेहरा साधला नाही. कान तेवढा साधला,
सगळ्यांकडे वळलेला, ताठ,
आपलं काय चाललंय ते ऐकणारा.

व्हरांड्यात फायली उघडणाऱ्या वकिलानं मला गाठलं.
साहेबांना चित्र हवंय, घरी लावायला.
कागद माझा, चेहरा त्यांचा; मालकी कुणाची
यावर आम्ही दोघं जरा गोड भांडलो.
मग तो म्हणाला, हनुवटी एवढी नाहीय त्यांची.
आणि कोपऱ्यात हे काय?
पुसता येईल?

हनुवटी बोटभर बारीक केली. भाडं थकलंय.
कानाचं म्हटलं, नाही हो,
पुसला तर तिथं भगदाड दिसेल.

ते खरं नव्हतं.
खडू पुसला की काहीच दिसत नाही.