बायपास

द्वारका सर्कलला अर्धा तास अडकलो
तेव्हा रिक्षावाला म्हणाला, बायपासनं न्यायला पाहिजे होतं.
शेजारी बसलेले धात्रकमामा हसले,
शर्टाचं वरचं बटण काढून म्हणाले,
"आपला तर गेल्या आषाढातच झालाय."
पायातली शीर छातीत नेऊन लावलेली,
टाक्यांची खूण अजून मुंगळ्यांच्या रांगेसारखी.

आमच्या घरात हा शब्द वेगळाच चालायचा.
मखमलाबादच्या मळ्याची वाटणी झाली,
वच्छीआत्याला कुणी विचारलंच नाही.
"मला बायपास केलं," एवढंच बोलली ती,
चौथी शिकलेली,
आणि द्राक्षाच्या पेटीत कागद अंथरत राहिली.

मामा सातपूरला बर्नरवर होते, एकतीस वर्षं.
म्हणाले, अरे, मूळ बायपास म्हणजे नळी,
करंगळीहून बारीक.
मोठा जाळ बंद केला तरी
तिच्यातून जरासा गॅस येत राहतो.
एक निळी ज्योत, तुरीच्या डाळीएवढी,
रात्रपाळीभर.
सकाळी चावी फिरवायची फक्त,
काडी लागत नाही.

सिग्नल सुटला.
मागचे हॉर्न ओरडायला लागले.
मी आत्याचा नंबर मनातल्या मनात
शेवटच्या दोन आकड्यांपर्यंत आणला होता.