पूर्वार्ध

नव्या सिनेमात दोघेही हवालदार
जिममधून उठून आल्यासारखे.
जुन्यात एकाचं पोट पट्ट्यावरून ओघळायचं
आणि दुसऱ्याची टोपी पडायची,
पुन्हा पुन्हा पडायची,
म्हणून लोक पुन्हा पुन्हा जायचे.

मी पाच तिकिटं काढली, अलकापुरीत, रात्रीच्या खेळाची.
गुडघ्यामुळे बाबांना कडेची खुर्ची.
पलीकडे वृंदावहिनी, दादा, माझा निषाद,
ज्याच्या हनुवटीवर फोनचा निळा उजेड होता
थेट पहिल्या मारामारीपर्यंत.
पुढच्या ओळीतला एक गृहस्थ
बायकोला प्रत्येक विनोद आधीच सांगत होता:
‘जो जो, हवे टोपी पडशे.’
टोपी पडली नाही.
‘काढी नाखी,’ तो म्हणाला,
रेशनकार्डावरून नाव गेल्यासारखा.
मागची पोरं मात्र शिट्ट्या मारत होती
आणि मीही तीनदा हसले,
एकदा तर अगदीच एकटी.

बाबा पुढे झुकून बसले होते,
पूर्वी जबाब लिहून घेताना बसत तसे.
मध्यंतराला दिवे लागले, त्यांनी विचारलं,
‘यांचं भांडण झालं होतं?’
कुणाचं?
‘या दोघांचं. आधी.’
बाबा, तुम्ही तर हा सिनेमा अकरा वेळा पाहिलाय.
‘पाहिलाय,’ ते म्हणाले. ‘अर्धा.’

मग पॉपकॉर्नच्या रांगेत, गुडघा चोळत, त्यांनी सांगितलं:
रावपुऱ्यातलं थिएटर, अठ्ठ्याऐंशी साल,
बंदोबस्ताला ते आणि भुपतकाका,
दोघांत मिळून एक चांगली लाठी.
खिडकीशी चेंगराचेंगरी, ब्लॅकवाले,
खेळ सुरू झाला की रस्त्यावर उरायच्या नुसत्या चपला.
सगळं निवेपर्यंत मध्यंतर व्हायचं.
मग डोअरकीपर या दोघांना आत घ्यायचा
आणि ते भिंतीला टेकून उभे राहायचे.
पडद्यावर तोवर एक हवालदार
दुसऱ्याच्या डब्यातून खात असायचा.
बाबांना वाटलं, हे असंच असतं.
पहिल्यापासून.

सिनेमा सुटल्यावर सेव-उसळीच्या गाडीवर
निकाल लागला.
वहिनी म्हणाली, जुन्याची सर नाही;
काजळ गालापर्यंत आलं होतं तिचं, तरी.
निषाद म्हणाला, बरा आहे, थोडा लांबवलाय.
दादाला खुर्च्या फार आवडल्या.
गाडीवाल्याने विचारलं नसताना सांगितलं,
दुपारच्या खेळातली माणसं जास्त तिखट मागत होती.

बाबांनी फोन लावला, पादऱ्याला.
भुपतकाका मुलाकडे असतात, डाव्या कानाने ऐकतात.
म्हणून अख्ख्या रस्त्याने ऐकलं:
‘भुपत! पहेला हाफमां ए लोको झगडेला!’

पलीकडे टीव्हीचा आवाज.
मग काका म्हणाले, ‘मने खबर छे.’

एका गुरुवारी बाबा एका ब्लॅकवाल्याला घेऊन
चौकीवर गेले होते, आणि काका
शेवटच्या ओळीत जाऊन बसले होते. चक्क बसले होते.
‘तो बोल्यो केम नहीं?’
‘तने खोटुं लागत.’

गुजरातीत खोटं लागतं म्हणजे वाईट वाटतं.
आमच्या घरात दोन्ही अर्थ चालतात,
त्यामुळे भांडणं जरा लांबतात.

बाबा गप्प. प्लेटमधली सेव
रश्शात बुडून मऊ झाली.
‘चोर,’ ते म्हणाले, मराठीत,
आणि त्यांचं पोट हलायला लागलं,
शर्टाची खालची दोन बटणं,
मग खांदे, मग तो चमचा,
एवढं हसू आत कुठल्याच सीनला आलं नव्हतं.

डोळे पुसून ते म्हणाले,
‘रविवारे आव. नवी छे. टोपी नथी पडती, पण.’

‘तो शुं जोवानुं?’

‘पहेलो हाफ,’ बाबा म्हणाले,
आणि माझ्या प्लेटमधली कोरडी सेव उचलली.