निरोपाचा तिसरा केक

पहिल्या केकवर निळ्या साखरेत लिहिलं होतं:
कार्मेनू, एकेचाळीस वर्षं, मार्चअखेर.
मेलबर्नच्या पूर्वेला, तपकिरी कोळशाच्या खोऱ्यात,
चौथ्या बॉयलरखाली टाळ्या झाल्या,
पाण्याच्या पंपावरचा एक जण चक्क रडला,
आणि सोमवारी फोन आला:
अजून दोन वर्षं चालवायचंय म्हणतात.
केक संपला होता.
तो डबा घेऊन परत कामावर गेला.

दुसऱ्या केकवर वर्ष घातलंच नाही.
बेकरीवाली ग्लेनिस म्हणाली,
क्रीमवर खाडाखोड बरी दिसत नाही.

त्याची मुलगी डोरिना.
पवनचक्क्यांवर चढायचं प्रमाणपत्र आहे तिच्याकडे.
सरावाचा मनोरा गोदामात, वीस मीटरचा;
तिथं वारा येत नाही.
खरे मनोरे समुद्रात व्हायचेत.
ते भाषणात उभे राहतात,
निवडणुकीनंतर आडवे होतात,
मधूनच एखादी समिती येऊन त्यांची उंची विचारते.
प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षं.
दोनदा संपली. दोनदा तिनं पदरचे पैसे भरले.

रात्री दोघं समोरासमोर जेवतात.
एकाला जाऊ देत नाहीत, एकीला येऊ देत नाहीत.
मध्ये सशाचा रस्सा, आईच्या माल्टी पद्धतीचा,
आणि टीव्हीवर नवे ऊर्जामंत्री.
आवाज बंद करून ठेवलेले.

लहानपणी आपण खेळायचो ना,
तळ्यात, मळ्यात.
उडी चुकली की बाद.
इथं पुकारणाराच चुकतो दर वेळी,
आणि बाद होतो
तो एक पाय हवेत धरून उभा असलेला.

जानेवारीत पारा त्रेचाळीसवर गेला.
गावभर एसी घरघरत होते.
जुन्या बॉयलरची नळी फुटली,
कार्मेनूला जादा पाळीला बोलावलं.
(अठरा महिने तिची दुरुस्ती टाळली होती.
बंद व्हायच्या यंत्रावर कोण खर्च करतो?)
त्या दिवशी त्याचा वाढदिवसही होता, हे त्याच्या लक्षात नव्हतं.
डोरिनानं घरीच केक भाजायला ठेवला.
नऊ वाजता वीज गेली.
आधी ओव्हन, मग फ्रिज, मग समोरची अख्खी गल्ली
गप्प झाली.

मध्यरात्री तो आला, काजळलेला, मोजे हातात.
टेबलावर मेणबत्त्या पेटलेल्या;
केकसाठी की उजेडासाठी, त्यानं विचारलं नाही.
मधोमध कच्चा राहिलेला तो केक
वाकून निरखत म्हणाला,
यावर काय लिहिलंयस?

काही नाही, ती म्हणाली.
जागा ठेवलीय.