लाल बाजू

दांडिया बाजारात, घड्याळाच्या दुकानावर
भालूकाकांची व्हिडिओ लायब्ररी होती.
मी तिथं वही लिहायची. शनिवारचं भाडं दुप्पट,
उशीर झाला तर पाच रुपये
आणि काकांचं तोंड.

काका एकदा हरले होते, त्र्याऐंशीत,
कपाटभर बीटा कॅसेटी घेऊन.
समोरच्या शहांनी व्हीएचएस घेतल्या आणि वर मजला चढवला.
"चित्र माझंच सरस होतं,"
हे वाक्य काकांनी पंचवीस वर्षं
धुतलं, वाळवलं, पुन्हा घातलं.

म्हणून या खेपेला तक्ता.
कोणता स्टुडिओ कुठल्या बाजूला,
तबकडीच्या एका थरात किती मावतं,
प्लेअर कितीला.
लाल खोक्यांची बाजू स्वस्त निघाली.
दुबईच्या मेव्हण्यानं प्लेअर आणला, चाळीस सिनेमे आणले.
काकांनी उदबत्ती लावली.

तक्त्यात निमिष नव्हता.

निमिष म्हणजे त्यांचाच धाकटा.
दोन वर्षांच्या क्लासची फी गिळून
त्यानं एक काळं, चकचकीत यंत्र आणलं,
का, तर गाड्या पळवायला.
सिनेमाशी त्याला घेणं ना देणं.
पण त्या यंत्राच्या खाचेत निळ्या खोक्यातली तबकडी
आपोआप चालायची,
लग्नाच्या बसमध्ये चढलेल्या पाहुण्यासारखी,
तिकीट कुणी विचारलंच नाही.

गल्लीत अशी तीन यंत्रं झाली, मग सात.
पोरं हात पुसत वर यायची: "निळ्यातलं काही आहे?"
मी वहीत लिहायची.
काका म्हणायचे, "आपल्या बाजूलाही आहे की एक, पांढरं."
होतं. फक्त त्याला लाल तबकडीचा डबा
वेगळा विकत घेऊन जोडावा लागायचा.
दुसऱ्यांदा पाकिटात हात घालायला
माणसाचा हात जड होतो, काका.
हे मी बोलले नाही.

फेब्रुवारीत, तारांवर अजून पतंग लटकत होते,
पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या:
जपानी कंपनीनं लाल बाजू बंद केली.
काकांनी शटर अर्धं ओढलं.
चित्राबद्दल काही बोलले नाहीत.

रात्री हिशेब द्यायला घरी गेले तर
निमिषशेजारी, सतरंजीवर,
हातातला कंट्रोलर उलटा धरून बसलेले.
पडद्यावर गाडी भिंतीला घासत चाललेली.
"अरे," ते म्हणत होते,
"ब्रेक कुठं आहे याला?"