बाजूला ठेवलेलं तिकीट

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या ओळीच्या तोंडाशी
एक टेबल, एक छत्री, आणि दोरीवर
कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातलेली तिकिटं.
साप्ताहिकं पुढे, परराज्यातली मागे.
दिवाळी बंपर काचेखाली,
बघणाऱ्यांच्या बोटांनी काच धुरकट.

कोण शेवटी सात मागतं,
कोण गाडीचा नंबर, कोण सुनेची जन्मतारीख.
मी शोधून देतो. हसत नाही.
चारला सोडत; न खपलेली साडेतीनच्या आत परत,
नाहीतर माझ्या अंगावर.

मंगळवारी हमाल बाबू नाईकवडी म्हणाला,
"शेवटी एकोणचाळीस. ठेव की बाजूला,
हमाली हातात आली की देतो."
आला नाही.
मी ते परत करायचं विसरलो.
विसरलो, असंच म्हणू या.

एकोणचाळीसला सात हजार लागले.

तिकीट पाकिटात आहे, पाकिटावर त्याचं नाव
माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं.
पेन खिशात असताना
पेन्सिल कशाला घेतली, कुणास ठाऊक.

मुदत तीस दिवस. आज अकरावा.
ज्वारीच्या गाड्या लागतात, पोती उतरतात,
प्रत्येक वाकलेल्या पाठीकडे मी मान उंच करून बघतो.
आणि गल्ल्यात, सुट्ट्या नाण्यांखाली,
पोराचं खोडरबर
रोज हाताला लागतं.