कुकरची शिट्टी

महापेला रात्रपाळी. तिसऱ्या मजल्यावर
थंड हवेत रांगेनं उभी कपाटं
आणि त्यांच्या पोटात लोकांची गाणी, भाड्याची.
दिवे हिरवे आहेत ना, एवढंच पहाटेपर्यंत बघायचं.
गाणं एकही ऐकू येत नाही. पंखे ऐकू येतात.

माझीही आहेत एक्केचाळीस, मेलेली.
दोन हजार नऊ साली विकत घेतलेली, पंधरा रुपयांना एक.
पावती आहे. नाव, चित्र, वजन,
सगळं जागच्या जागी, तसूभर कमी नाही.
दाबलं की विचारतं : परवानगी?
परवानगी देणाऱ्यांनी
कधीच गाशा गुंडाळलाय.
सुचेता म्हणते, पुसून टाक, जागा अडते.
मी पुसत नाही. पैसे मोजलेत.

परवा अडीच वाजता, डबा उघडायच्या आधी
हे सापडलं :
तळवलीच्या चांगुणा मढवींचे धवले, अकरा.
नातवानं माईक आणून घरातच घेतलेले.
किंमत साठ रुपये, किंवा तुम्हाला वाटेल ती.
आणि खाली, बारीक अक्षरात : कुलूप नाही.

साठ लिहिले. खोडले.
घणसोलीत फ्लॅट व्हायच्या आधी
तीन वर्षं आम्ही तळवलीत भाड्यानं राहिलो,
पत्र्याची खोली, मागे लग्नाचा मांडव,
रात्रभर एक बाईचा आवाज, ना पेटी ना ढोलकी,
हळदीसारखा हळूहळू चढत जाणारा.
सकाळी सहाची पाळी असायची माझी.
मी कानावर उशी दाबून शिव्या घातल्या होत्या
याच आवाजाला.
दोनशे लिहिले.

ओटीपी आला. मग फाईल उतरली,
आणि नाव विचारलं नाही तिनं,
कुठल्या यंत्रावर वाजू तेही नाही.
फोनवर वाजली. पेनड्राइव्हवर वाजली.
बिजागरी तुटलेल्या जुन्या लॅपटॉपवरसुद्धा,
ज्याच्यात ती एक्केचाळीस पडून आहेत,
त्यांच्या शेजारीच वाजली. मला जरा
बरं वाटलं नाही त्यांच्यासाठी.

चौथ्या धवल्यात मध्येच कुकरची शिट्टी होते.
म्हातारी थांबते, कुणाला तरी काहीतरी सांगते,
मग पुन्हा सुरू. नातवानं कापलं नाही ते.

प्रणील तांडेल, पलीकडच्या टेबलाचा, म्हणाला,
आमच्याच लग्नातलं की हे. पाठव ना, एका क्लिकचं काम.
होतंच एका क्लिकचं.
बोट ठेवलं, आणि किती वेळ
ठेवलेलंच राहिलं.
मग मी फक्त चौथा पाठवला, शिट्टीचा,
आणि म्हटलं, बाकीचे तू घे, साठच आहेत.
तो म्हणाला, साठ रुपयांसाठी काय राव.
पुढे घेतले की नाही, विचारलं नाही.
नोंदवही ठेवायची नोकरी
फक्त रात्रीची आहे माझी.

रविवारी तळवलीत गेलो.
ती उंबऱ्यावर मांदेली साफ करत होती,
मला ओळखायचं काही कारण नव्हतं.
सांगितलं, धवले घेतले तुमचे, विकत.
"कवरं दिलंस?"
दोनशे.
"येरा हाय का तू," आणि हसली,
हातातली मांदेली हातातच.
मग एकदम गंभीर होऊन,
"चवथ्यान एक ओल नाय.
कुकर वाजला ना, तवा गेली."

आणि तिथंच, खवले लागलेला हात गुडघ्यावर ठेवून,
ती राहिलेली ओळ म्हणून दाखवली. एकदाच.
पुढच्या मांदेलीला हात घातला.

फोन खिशातच होता माझ्या.
ओळ आता माझ्याकडे आहे, कुठल्याच फाईलमध्ये नाही.
रात्री कपाटांच्या रांगेतून फिरताना
म्हणून बघतो. शेवटचे दोन शब्द
रोज थोडे वेगळे येतात.