वेलांटी आधी

रातभर संगणक नवा होऊन राह्यला.
सकाळी कुलूप काढलं तेव्हा
पडद्यावर ब्याऐंशी टक्के,
आणि खाली लिहिलेलं : बंद करू नका.
बंद करणारा मी कोण बावा,
खैरटोल्यात ते लाईन ठरवते.

चहा सांगितला. गोल फिरत होता.
दुसरा सांगितला.
मग निळा उजेड पडला
आणि काहीच जागेवर नव्हतं.
घरपट्टीची फाइल असायची त्या कोपऱ्यात
आता हवामान होतं,
तेही नागपूरचं.

मृणाली चौके, आमची ऑपरेटर, वय तेवीस,
म्हणाली, बाबूजी, दोन दिवसांत सवय होते.
मला टाइपरायटरवरून उठवलं
तेव्हाही साहेब हेच म्हणाले होते.
ते दोन दिवस अजून चालू आहेत.

अकरा वाजता दारात एक पोरगा,
आजोबाच्या मृत्यूचा दाखला पाहिजे.
सन दोन हजार चार.
फाइल उघडली, तर गाव नव्हतंच तिथं.
इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम,
कोंबड्यांनी पांगवलेल्या धानासारखे.
फॉन्ट गेला, मृणाली म्हणाली.
गेला म्हटल्यावर आपल्याकडं
आधी तारीख विचारतात.
मी विचारली नाही. काल रात्रीच गेला असणार.

खुर्ची ओढली.
बोटं टेबलाच्या लाकडावर ठेवली,
कळफलकावर नाही, नुसत्या लाकडावर.
डी म्हणजे क. के म्हणजे काना.
अर्धविराम दिसतो तो य आहे,
तो कुठंच थांबत नाही.
मला काही आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं.
एफ, यू, वाय, डी, ए, मोठा बी :
निलकंठ. लिही, म्हटलं.
एन, मोठा एम, ई, वाय :
दडमल.

दारातल्या पोरानं पायातली चप्पल काढली.

मृणालीनं लिहिलं, अन् लगेच खाली लाल रेघ.
यंत्र म्हणे, नि नाही, नी. दुसरी पाहिजे.
मी म्हटलं, त्याला सांग,
निलकंठ सहीत पहिलीच काढायचा,
प्रौढ शिक्षणात तेवढीच आली होती त्याला.
दडमलखाली रेघ. खैरटोल्याखाली रेघ.
चौकेखालीसुद्धा, तेव्हा ती हसायची थांबली.
तालुका अन् जिल्हा तेवढे बरोबर निघाले.
उजवं बटण दाबून म्हणाली,
इथं येते बाबूजी, शब्दकोशात जोडा.
जोड मग, म्हटलं.
एकेकाला जोड.
चारशे अकरा नोंदी आहेत,
मी वाचतो, तू जोड.

छत्तीस झाल्या. पाचची एस.टी. होती तिची.

आता मी एकटा, हात बसवून राह्यलो.
जुन्यात वेलांटी आधी यायची, अक्षर मागून.
तीस वर्षं मी आधी छत्री उघडली
अन् मग माणूस खाली घेतला.
नव्याला ते चालत नाही.
पण हात कोणाचं ऐकतो?
वेलांटी पडते
आणि टिंबाटिंबांच्या एका रिकाम्या गोलावर
उभी राहते.
न दिला. तो शेजारी जाऊन बसला,
खाली गेला नाही.
खोडलं.
पुन्हा वेलांटी, पुन्हा रिकामा गोल.
खोडलं.
खिडकीबाहेर तलावावरून बदकं उठली.
आधी न.
मग वेलांटी.

नि